बनावट भूकंप, खरा कोड: रँडम आकड्यांवर चालणारा प्रोग्रॅम तपासायचा कसा?

कोयना धरणात १९६२ च्या सुमारास पाणी साठू लागलं आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला ६.३ रिश्टरचा भूकंप झाला. परिसरात धक्के आजही बसतात. जलाशयाची पातळी आणि हे धक्के यांचा संबंध आकड्यांत तपासायचा एक मार्ग असा: कॉम्प्युटरवर शेकडो बनावट भूकंप-याद्या तयार करायच्या, ज्यांत पाण्याचा काही हात नाही, आणि खरी यादी त्यांच्यापेक्षा वेगळी दिसते का ते बघायचं.

पण हा कोड दर वेळी वेगळे आकडे देणार. मग तो बरोबर आहे हे ठरवायचं कसं?

सीड ठरवून टाका, असं सगळे सांगतात. सीड तोच, तर रँडम आकडेही तेच. चूक शोधताना याचा फार उपयोग होतो. मात्र कोडच चुकला असेल तर तो तेच चुकीचं उत्तर रोज इमानदारीत देत राहील.

म्हणून गुणधर्म तपासा. समजा वर्षाला सरासरी १०० धक्के, पॉयसाँ वितरण. अशी १००० वर्षं चालवली तर सरासरी साधारण ९९ ते १०१ मध्ये यायला हवी. (कोड बरोबर असूनही हजारात एक-दोन वेळा ही टेस्ट नापास होईल, घाबरू नका.) पण दर वर्षी नेमके १०० धक्के देणारा बिघडलेला कोडही इथे आरामात पास होतो! पॉयसाँमध्ये व्हेरियन्ससुद्धा १०० च्या आसपास लागतो; तो पकडला जातो तिथे.

माझ्या मते खरी कसोटी पुढे आहे. पाण्याशी संबंध नसलेल्या १००० बनावट याद्या तुमच्या पूर्ण विश्लेषणातून जाऊ द्या. पी-व्हॅल्यू ०.०५ पेक्षा कमी असलेल्या साधारण ५० निघाल्या पाहिजेत. ३० ते ७० चालतील. दीडशे निघाल्या तर तुमचा कोड नसलेला संबंध शोधतोय. या याद्यांत आफ्टरशॉकही घाला, कारण मोठ्या धक्क्यामागे छोट्यांची रांग लागतेच. प्रत्येक धक्का सुटा धरून तारखा पिसणारा कोड नेमका इथे आपटतो. त्याऐवजी अख्खी यादीच काळात पुढे-मागे सरकवली तर रांगा शाबूत राहतात.

नंतर उलटं करा: पावसाळ्यानंतर धक्के मुद्दाम वाढवलेली यादी द्या आणि कोडला ते सापडतं का बघा.

आणि हो, आठ प्रोसेसरवर काम वाटताना सगळ्यांना एकच सीड देऊ नका. आठ हजार याद्या केल्यासारखं वाटेल, असतील एकच हजार, आठ-आठ वेळा.