इस्त्रीखालचं विमान

बाल्सा लाकडाच्या सांगाड्यावर फिल्म चढली, तिच्यावरून गरम हवा फिरली आणि सुरकुत्या एकेक करून विरल्या, की मॉडेल विमानाला पहिल्यांदा रूप येतं. बघणाऱ्याला हे रंगकाम वाटतं. पण ताणलेली फिल्म पंखाला पीळ पडू देत नाही. ती त्याच्या बळाचाच भाग असते, आणि म्हणून या कामाकडे सजावट म्हणून पाहणं मला मान्य नाही.

पूर्वी सांगाड्यावर जपानी टिश्यू कागद किंवा रेशीम लावत. ओला कागद वाळताना ताणला जाई आणि त्यावर ‘डोप’चे हात मारावे लागत. डोप म्हणजे बहुधा नायट्रोसेल्युलोजचं द्रावण: वास उग्र, पेट घ्यायला तत्पर. १९६०च्या दशकात अमेरिकेतल्या टॉप फ्लाइट कंपनीनं मोनोकोट आणलं. रंग, चकाकी आणि गोंद एकाच फिल्मवर! पुढे ब्रिटनची सोलारफिल्म आणि जर्मनीची ओराकव्हर हीही नावं हौशी मंडळींच्या तोंडी बसली.

पॉलिएस्टरची फिल्म आकसते, कारण कारखान्यात तिला लांबी-रुंदीत खेचून त्याच अवस्थेत थंड केलेलं असतं. ऊब मिळाली की आतल्या रेणूंच्या ताठ झालेल्या साखळ्या पुन्हा आखडू पाहतात. गोंद साधारण १०० अंश सेल्सिअसच्या आसपास धरतो. फिल्म नीट आकसायला मात्र १५०च्या आसपास जावं लागतं. नेमके आकडे कंपनीगणिक बदलतात. सगळं कसब या दोन आकड्यांमधल्या जागेत आहे. आधी कमी उष्णतेवर कडा पक्क्या चिकटवायच्या, मगच मधला भाग ताणायचा. घाई करून आधीच इस्त्री तापवली, तर कड धरण्यापूर्वीच फिल्म सरकते.

पंखाची खालची बाजू आधी, वरची नंतर. म्हणजे जोड खाली जातो. फिकट रंग आधी लावून गडद रंग त्यावर चढवावा, नाहीतर गडद कड फिकट रंगाखालून दिसते. लाकडावर फुगा आला तर टाचणीनं बारीक भोक पाडलं की हवा वाट काढते. मात्र लाकडाची धूळ राहिली असेल तर काही उपाय नाही: गोंद धुळीला चिकटतो, लाकडाला नाही. फिल्म काहीच झाकत नाही, उलट पॉलिश पेपरचा प्रत्येक चुकार ओरखडा चकाकीत उठून दिसतो.

खरी परीक्षा पीळ काढण्याची. दोन्ही बाजूंचा ताण सारखा नसला, की सरळ बांधलेला पंखही वाकडा होतो. मग एकानं पंख उलट दिशेनं जरा जास्तच पिळून धरायचा, दुसऱ्यानं हीट गन फिरवायची आणि थंड होईपर्यंत हात सोडायचा नाही. याच युक्तीनं पंखाच्या टोकाची मागची कड मुद्दाम किंचित वर ठेवता येते. वेग कमी झाला तरी टोकं आधी दगा देत नाहीत आणि विमान एका अंगावर कोसळत नाही.

आपल्याकडे एनसीसीच्या एअर विंगमधून अनेक मुलांची या छंदाशी ओळख होते. त्यांना आणि नव्यानं सुरुवात करणाऱ्या प्रत्येकाला सांगणं एवढंच: पहिली फिल्म पंखावर नको, शेपटीच्या सपाट सुकाणूवर लावा. इस्त्रीवर सुती मोजा चढवा, म्हणजे ओरखडे पडणार नाहीत. आणि थर्माकोलचा पंख असेल, तर कमी तापमानाचीच फिल्म मागा.