छुसॉकची सुगी आणि शरदातली नोकरभरती

दक्षिण कोरियात चांद्र कालगणनेतल्या आठव्या महिन्याच्या पौर्णिमेला छुसॉक साजरा होतो. हा सण सुगीचा, तसाच पितरांचाही. मराठी पंचांगात ही तिथी बहुधा भाद्रपद पौर्णिमेशी जुळते, तर अधिक महिन्याच्या फरकामुळे कधी कोजागरीशी. 2025 मध्ये दोन्ही सण 6 ऑक्टोबरला आले होते. आदला दिवस, सण आणि दुसरा दिवस अशी तीन दिवसांची सुट्टी मिळते. सोल आणि इतर शहरांतून लाखो लोक गावाकडे निघतात. नेमक्या याच सुमारास मोठ्या कंपन्यांची वर्षाच्या उत्तरार्धातली भरती चालू असते. त्यामुळे नुकत्याच पदवीधर झालेल्या तरुणांना सण आणि नोकरीचे अर्ज एकदमच सांभाळावे लागतात.

सणाचा मुख्य पदार्थ सोंगप्यॉन. नव्या तांदळाच्या पिठीत गरम पाणी घालून ती मळायची, पारीत तीळ, मध, घेवड्याचे दाणे किंवा चेस्टनट भरायचे, अर्धचंद्राचा आकार द्यायचा आणि पाइनच्या सुया अंथरून वाफवायचे. उकडीचे मोदक वळणाऱ्या हातांना हे काम परके वाटणार नाही. पाइनचा मंद वास पदार्थात उतरतो आणि सोंगप्यॉन एकमेकांना चिकटतही नाहीत. आदल्या संध्याकाळी घरातले सगळे मिळून ते वळतात. ज्याचा सोंगप्यॉन देखणा, त्याला जोडीदार चांगला मिळतो, असे घरातली वडीलधारी माणसे सांगतात. जोडीला अळकुड्यांचे सूप असते, गोड्या बटाट्याच्या शेवया भाज्यांबरोबर परतलेल्या असतात, आणि मासे, मांस, भोपळा यांचे काप पिठात घोळवून, अंड्यात बुडवून तव्यावर भाजलेले असतात. नाशपाती आणि पर्सिमन ही याच ऋतूची फळे.

सकाळी पितरांपुढे ताट मांडले जाते. या विधीला छार्ये म्हणतात. मांडणीचे नियम काटेकोर असतात: लाल फळे पूर्वेला, पांढरी पश्चिमेला, मासे पूर्वेला, मांस पश्चिमेला. पीच या ताटात चालत नाही. सणाआधी थडग्यांवरचे गवत कापून ठेवलेले असते, आणि छार्ये झाल्यावर कुटुंब तिथे दर्शनाला जाते. एवढ्या स्वयंपाकाचा भार वर्षानुवर्षे घरातल्या सुनांवर पडत आला आणि त्यावरून घरोघरी कटुताही आली. 2022 मध्ये सुंगक्युनग्वान या कन्फ्यूशियन परंपरेच्या संस्थेने साधे ताट सुचवले आणि तळणीचे पदार्थ मांडण्याची गरज नाही, असे स्पष्ट केले. परंपरेचे रक्षण करणाऱ्यांनीच हे सांगावे, याचे मोल मोठे आहे.

सुट्टी संपवून परतणाऱ्या तरुणापुढे लगेच भरतीचे वेळापत्रक उभे राहते. ठरावीक मोसमात शेकडो पदवीधर एकत्र घेण्याची पद्धत सॅमसंगने 1957 मध्ये सुरू केली. ह्युंदाई मोटरने ती 2019 मध्ये बंद केली, पुढे एलजी आणि एसके यांनीही सोडली. हे समूह आता गरजेप्रमाणे वर्षभर माणसे घेतात. सॅमसंगने मात्र ती टिकवली आहे. तिथे शरदाच्या तोंडावर अर्ज, मग गणित आणि तर्क यांची अभियोग्यता चाचणी, आणि त्यानंतर मुलाखती, असा क्रम असतो. चाचणी 2020 पासून ऑनलाइन घेतली जाते.

अर्जाचा सर्वांत अवघड भाग जासोसॉ, म्हणजे स्वतःची लेखी ओळख. जडणघडण, याच कंपनीत का यायचे, आपले गुणदोष आणि रुजू झाल्यावर काय करणार, असे प्रश्न अक्षरमर्यादेसह विचारले जातात. ‘कडक वडील आणि प्रेमळ आई यांच्या छायेत वाढलो’ ही सुरुवात इतकी गुळगुळीत झाली आहे की ती टाळणेच बरे. एखादे काम, त्यात आलेली अडचण, उमेदवाराने स्वतः केलेली गोष्ट आणि तिचा परिणाम, एवढे नेमके लिहिले तरी अर्ज वजनदार होतो. एकच मजकूर अनेक कंपन्यांना पाठवताना आधीच्या कंपनीचे नाव तसेच राहून जाते. म्हणून पाठवण्याआधी तो मोठ्याने वाचून पाहावा. मुलाखतीत बहुतेकदा एका मिनिटात ओळख करून द्यायला सांगतात. ती पाठ म्हणून दाखवण्यापेक्षा मित्रांच्या अभ्यासगटात बोलून बसवलेली बरी. असे गट कोरियात सर्रास चालतात.

हक्कही माहीत असावेत. 2019 मध्ये सुधारलेल्या कायद्यानुसार 30 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेने कामाशी संबंध नसताना उमेदवाराची उंची, वजन, जन्मगाव, वैवाहिक स्थिती, मालमत्ता किंवा आईवडिलांचा व्यवसाय विचारणे बेकायदा आहे. त्यासाठी 50 लाख वॉनपर्यंत दंड होऊ शकतो. सार्वजनिक संस्थांच्या भरतीत 2017 पासून विद्यापीठाचे नाव आणि छायाचित्रही झाकलेले असते.

छुसॉकच्या जेवणावर मात्र असा कायदा लागू नाही. ‘नोकरीचे काय झाले?’ हा प्रश्न काका-मामांकडून हमखास येतो, आणि काही तरुण त्याच धास्तीने गावी जाण्याचे टाळतात. विचारणाऱ्याच्या मनात काळजी असली, तरी दहा जणांसमोर विचारलेला हा प्रश्न जखम करतो. ज्यांना खरोखर मदत करायची आहे, त्यांनी बाजूला बसून अर्ज वाचून द्यावा किंवा त्या क्षेत्रातल्या ओळखीच्या माणसाशी गाठ घालून द्यावी. उमेदवारानेही ‘अमुक ठिकाणी अर्ज केला आहे, निकाल कळवीन’ असे एक छोटे, खरे उत्तर तयार ठेवावे. प्रश्न न विचारताही सदिच्छा देता येतात. परीक्षेआधी चिकट तांदळाचे गोड गोळे देण्याची चाल आजही आहे: यश चिकटून राहावे, ही त्यामागची सदिच्छा. निसरडे समुद्रशेवाळाचे सूप परीक्षेच्या दिवशी टाळतात.

सणाच्या आधीचे आठवडे तात्पुरत्या कामाचेही असतात. स्पॅम, ट्यूना, तेल आणि फळांचे भेटसंच बांधणे, दुकानात ते विकणे, पार्सलांची चढउतार करणे, तांदळाच्या मिठाईच्या दुकानात हातभार लावणे, अशी कामे निघतात. काही दिवसांचे काम असले तरी लेखी करार घ्यावा. 2025 मध्ये किमान वेतन तासाला 10,030 वॉन होते. पाच किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी सणाच्या दिवशी पहिल्या आठ तासांसाठी दीडपट मजुरी द्यावी लागते. पार्सलांचे काम अंगमेहनतीचे असते. मुलाखत जवळ आलेल्याने ते विचार करूनच घ्यावे.

कोरियात शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांना विद्यार्थी व्हिसावर असे काम करण्याआधी इमिग्रेशन कार्यालयाची परवानगी लागते, आणि किती तास काम करता येईल हे कोरियन भाषेच्या पातळीवरही अवलंबून असते. शिक्षण संपल्यावर नोकरी शोधण्यासाठी डी-10 व्हिसा असतो, नोकरी लागल्यावर व्यावसायिकांसाठी ई-7. कारखान्यांतल्या कामासाठी कोरिया ज्या देशांशी करार करून कामगार घेतो, त्यांत भारत नाही. त्यामुळे कारखान्यात काम लावून देतो म्हणून पैसे मागणाऱ्या दलालापासून सावध राहावे. कोरियन भाषेची टोपिक परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांना महाराष्ट्रातही वाट आहे: रांजणगावला एलजीचा आणि तळेगावला ह्युंदाईचा कारखाना आहे. अशा कंपन्यांत दुभाषा, खरेदी आणि उत्पादन नियोजन या कामांसाठी दोन्ही भाषा येणाऱ्या माणसाचा विचार आधी होऊ शकतो.