मॉर्मन पंथीय सरकारी सेवेत का दिसतात?

अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यात, गुप्तचर खात्यांत किंवा लष्कराच्या भाषाविषयक पथकांत एका विशिष्ट वळणाची माणसे वारंवार आढळतात. ती मद्य घेत नाहीत, तंबाखूला शिवत नाहीत. इतकेच काय, चहा-कॉफीचा पेलाही नम्रपणे परत करतात. लग्न लवकर झालेले, घरात चारपाच मुले, राहणी बेताची, आणि रशियन, चिनी, कोरियन, पोर्तुगीज यांपैकी एखादी भाषा उत्तम अवगत. चौकशी करावी तर असा माणूस बहुधा यूटा, आयडाहो किंवा ॲरिझोना या पश्चिमेकडील राज्यांतला आणि मॉर्मन पंथाचा निघतो. अमेरिकेच्या लोकसंख्येत या पंथाचे प्रमाण शेकडा दोनहून अधिक नाही. तरीही सरकारी सेवेच्या काही विशिष्ट दालनांत त्यांची उपस्थिती डोळ्यांत भरण्याजोगी असते. असे का व्हावे, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम पंथाविषयी थोडे सांगितले पाहिजे. जोसेफ स्मिथ या तरुणाने न्यूयॉर्क राज्यात 1830 साली हा पंथ स्थापन केला. आपणास देवदूताकडून सुवर्णपत्रे मिळाली व त्यांवरील मजकुराचे भाषांतर आपण केले, असे त्याने सांगितले. तेच ‘मॉर्मनचा ग्रंथ’ होय, आणि त्यावरून लोकांनी पंथाला हे नाव दिले. पंथाचे स्वतःचे नाव लांबलचक आहे; ‘अंत्यकालीन संतांचे येशू ख्रिस्त मंडळ’ असे त्याचे मराठी करता येईल. टोपणनाव वापरू नये, असे मंडळाच्या अध्यक्षांनी 2018 साली आवर्जून सांगितले. तथापि श्रोत्यांना परिचित असलेले नावच येथे योजतो.

या मंडळींचे सरकारप्रेम नवल वाटण्यासारखे आहे, याचे कारण त्यांचा इतिहास. अमेरिकेत जन्मलेल्या धर्मपंथांपैकी राज्यसत्तेचा एवढा रोष क्वचितच दुसऱ्या कोणाच्या वाट्याला आला असेल. 1838 च्या ऑक्टोबरात मिसूरी राज्याचे गव्हर्नर लिलबर्न बॉग्ज यांनी लेखी हुकूम काढला की, मॉर्मनांना शत्रू समजावे. त्यांना राज्यातून हाकलून द्यावे अथवा त्यांचा निःपात करावा. या हुकमानंतर तीनच दिवसांनी हॉन्स मिल या वस्तीवर हल्ला होऊन सतरा माणसे ठार झाली. हुकूम औपचारिकपणे रद्द व्हायला 1976 साल उजाडावे लागले! पुढे इलिनॉय राज्यात त्यांनी नॉवू हे शहर वसविले, तर तेथे 1844 च्या जूनमध्ये खुद्द स्मिथ याला तुरुंगात असताना जमावाने गोळ्या घालून मारले.

अशा अनुभवातून एखाद्या समाजाने सरकार या संस्थेचाच धसका घेतला असता, तर त्यात आश्चर्य नव्हते. परंतु मॉर्मनांनी त्यातून वेगळाच निष्कर्ष काढला. मिसूरीतील अन्यायाची दाद मागण्यास स्मिथ 1839 साली वॉशिंग्टनला गेला होता. शेकडो अर्ज त्याने नेले, राष्ट्राध्यक्ष व्हॅन ब्युरेन यांची भेटही घेतली. राज्यांच्या कारभारात केंद्राला हात घालता येत नाही, हेच उत्तर त्याच्या पदरी पडले. यावरून केंद्र सरकार दुष्ट आहे असे त्याने मानले नाही. ते दुबळे आहे असे मानले. मृत्यूच्या वर्षी तो राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीस उभा राहिला. जमावाने धुमाकूळ घातला असता गव्हर्नरच्या विनंतीची वाट न पाहता राष्ट्राध्यक्षाला सैन्य पाठविता यावे, ही त्याच्या जाहीरनाम्यातील एक मागणी होती.

याच काळात पंथाच्या शिकवणुकीत राज्यघटनेला जे स्थान मिळाले, ते समजून घेतल्याशिवाय पुढचे काही कळणार नाही. 1833 च्या एका साक्षात्कारानुसार अमेरिकेची राज्यघटना ही ईश्वराने त्या कार्यासाठी निर्माण केलेल्या शहाण्या पुरुषांच्या हातून घडली. 1842 साली स्मिथने लिहिलेल्या श्रद्धासूत्रांत राजे, राष्ट्राध्यक्ष व न्यायाधीश यांच्या अधीन राहणे आणि कायद्याचा मान राखणे हे एक सूत्रच आहे. म्हणजे घटना पवित्र. ती राबविणारी माणसे मात्र चुकू शकतात. छळ झाला तो घटनेमुळे नव्हे, घटना पाळली गेली नाही म्हणून झाला, अशी ही विचारसरणी आहे. तेव्हा घटनेचे रक्षण करण्याची शपथ घेऊन नोकरीत शिरणे हे श्रद्धाळू मॉर्मनाला केवळ पोटाचे साधन वाटत नाही.

‘मॉर्मनचा ग्रंथ’ही लढायांच्या कथांनी भरलेला आहे. आपला अंगरखा फाडून त्यावर धर्म, स्वातंत्र्य व बायकामुले यांची आठवण लिहिणारा आणि तेच वस्त्र ध्वजासारखे उभारणारा सेनापती मोरोनाय त्या पंथाच्या प्रत्येक मुलाला ठाऊक असतो. त्याच ग्रंथात रक्तपाताचा वीट येऊन शस्त्रे जमिनीत पुरणारी एक जमात आहे, आणि त्या जमातीचे दोन हजार तरुण पुत्र पुढे सैन्यात गेल्याची कथाही आहे. शस्त्र पुरणारे वडील आणि शस्त्र उचलणारी मुले, दोघेही तेथे वंदनीय ठरले आहेत. ही गाठ पंथाने कधी पुरती सोडविली नाही, असे मला वाटते.

आता 1846 कडे वळू. स्मिथच्या मृत्यूनंतर ब्रिगॅम यंग याच्या नेतृत्वाखाली हजारो कुटुंबे बैलगाड्यांतून पश्चिमेकडे निघाली होती. अमेरिकेची हद्द सोडून, त्या काळी मेक्सिकोच्या ताब्यात असलेल्या ओसाड मुलखात वसाहत करण्याचा त्यांचा बेत होता. इतक्यात मेक्सिकोशी युद्ध सुरू झाले आणि अमेरिकन सरकारने त्यांच्याकडे एक पलटण मागितली. यंगने सुमारे पाचशे माणसे दिली. प्रत्येकी बेचाळीस डॉलरचा कपड्यांचा भत्ता सैनिकांनी बव्हंशी मागे राहिलेल्या निर्वासित कुटुंबांकडे धाडला आणि अंगावरच्या कपड्यांनिशी वाट धरली. दोन हजार मैलांची पायपीट करून ही पलटण 1847 च्या जानेवारीत सॅन डिएगोला पोहोचली. वाटेत तिची एकच चकमक झाली, तीही रानटी बैलांशी! ज्या देशातून आपले बांधव हद्दपार होत आहेत त्याच देशासाठी चालत गेलेल्या या पलटणीची आठवण यूटात आजही अभिमानाने जागविली जाते.

तथापि हे प्रेम एकमार्गीच होते. बहुपत्नीत्वाची प्रथा पंथाने 1852 साली उघडपणे जाहीर केली आणि वॉशिंग्टनशी उभा दावा मांडला गेला. 1857 साली राष्ट्राध्यक्ष ब्यूकॅनन यांनी यूटावर फौज धाडली. तिच्या रसदीच्या गाड्या लॉट स्मिथ नावाच्या मॉर्मन घोडेस्वाराने जाळून टाकल्या. पाच वर्षांनी यादवी युद्धात लिंकन यांना तारयंत्राच्या मार्गाचे रक्षण हवे होते, तेव्हा मॉर्मन स्वारांची जी तुकडी उभी राहिली तिचा नायक हाच लॉट स्मिथ होता! त्याच 1857 साली मॉर्मन शिबंदीतील लोकांनी माउंटन मेडोज येथे सुमारे एकशेवीस निरपराध प्रवाशांची कत्तल केली, हेही सांगितले पाहिजे. छळलेले लोक छळणारे कधी होतात ते सांगता येत नाही.

1879 साली बहुपत्नीत्वाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. त्या निकालात आपल्या देशाचे प्रतिबिंब पडलेले आहे. धर्मश्रद्धा कोणतीही असो, कृतीवर कायदा बंधन घालू शकतो, हे पटविताना मुख्य न्यायाधीश वेट यांनी सतीचे उदाहरण घेतले. पतीच्या चितेवर जळणे हा आपला धर्म आहे असे एखाद्या स्त्रीला वाटले, तर सरकारने तिला अडवू नये काय, असा त्यांचा प्रश्न होता. बहुपत्नीत्व ही आशिया-आफ्रिकेची रीत, असेही निकालात येते. गोऱ्या, इंग्रजी बोलणाऱ्या मॉर्मनांना अशा रीतीने ‘परके’ ठरविण्यात आले. पुढील दशकात हजाराहून अधिक माणसे तुरुंगात गेली. 1887 च्या कायद्याने मंडळाची मालमत्ताही जप्तीस पात्र झाली. अखेर 1890 साली अध्यक्ष विल्फर्ड वुड्रफ यांनी नवीन बहुपत्नीविवाहांना आळा घालणारे निवेदन काढले, आणि 1896 साली यूटाला राज्याचा दर्जा मिळाला.

येथून पुढे निष्ठा सिद्ध करण्याचे पर्व सुरू होते. दोनच वर्षांनी स्पेनशी युद्ध जुंपले. यंगचा स्वतःचा मुलगा, जो पंथाचा एक ज्येष्ठ धर्मदूत होता, भरतीच्या विरुद्ध बोलू लागला. वुड्रफ यांनी त्याला गप्प केले आणि यूटाच्या तोफखान्याची पथके फिलिपीन्सला गेली. रीड स्मूट हे धर्मदूत 1903 साली सिनेटर झाले, तेव्हा त्यांना बसू द्यावे की नाही यावर सिनेटच्या समितीने दीर्घकाळ साक्षी घेतल्या; 1907 साली त्यांचे स्थान कायम झाले आणि पुढे 1933 पर्यंत ते तेथे राहिले. त्यानंतरची नामावळी मोठी आहे. आयझेनहॉवर यांच्या मंत्रिमंडळात आठ वर्षे शेतीमंत्री असलेले एझ्रा टॅफ्ट बेन्सन त्या वेळी पंथाचे धर्मदूतही होते व पुढे मंडळाचे अध्यक्ष झाले. डेमोक्रॅटिक पक्षाचे हॅरी रीड 2007 ते 2015 सिनेटमधील बहुमताचे नेते होते. मिट रॉम्नी 2012 साली रिपब्लिकन पक्षातर्फे राष्ट्राध्यक्षपदासाठी लढले.

परंतु मोठ्या नावांनी सामान्य माणसाच्या नोकरीचा उलगडा होत नाही. तो होतो ‘मिशन’ने. मॉर्मन तरुण अठराव्या वर्षापासून दोन वर्षे धर्मप्रचाराला जातो. तरुणीही जातात, त्या दीड वर्षासाठी. खर्च बहुधा घरचा. कोठे जायचे ते मंडळ ठरवते; ब्राझील येवो की युक्रेन, तक्रार करायची नाही. यूटातील प्रोव्हो येथील शिक्षणकेंद्रात काही आठवडे भाषेची घोकंपट्टी होते आणि मग अनोळखी शहरात दारोदार हिंडून अनोळखी माणसांशी त्यांच्याच बोलीत बोलावे लागते. बरोबर सदैव एक जोडीदार, ठरलेला पोशाख, वेळच्या वेळी कामाचा हिशेब, आणि तोंडावर आपटली जाणारी दारे. वीस-एकवीस वर्षांचा मुलगा घरी परततो तो शिस्त, सोशिकपणा आणि एक परकी भाषा घेऊन! लष्कराला किंवा परराष्ट्र खात्याला याहून अधिक काय हवे? यूटाच्या नॅशनल गार्डमधील तीनशेवी लष्करी गुप्तवार्ता ब्रिगेड अशाच भाषा जाणणाऱ्यांच्या बळावर उभी आहे. तैवानात मिशन केलेले जॉन हंट्समन पुढे अमेरिकेचे चीनमधील राजदूत झाले. साध्या शिपाईभरतीत यूटा सर्वांच्या पुढे आहे, असे मात्र समजू नये. ज्या वयात इतर मुले पलटणीत जातात त्या वयात मॉर्मन मुलगा मिशनवर असतो.

गुप्त कामासाठी उमेदवाराची पूर्वचौकशी कसून होते. दारू, अमली पदार्थ, जुगार, कर्ज यांचा मागमूस नसलेला माणूस त्या चाळणीतून सहज पार पडतो. शिवाय या पंथात पगारी पुरोहित नाहीत. बाराव्या वर्षाच्या सुमारास मुलगा धर्मसेवेच्या पहिल्या पायरीवर चढतो आणि पुढे शिक्षक, वकील, सुतार कोणीही असला तरी आळीपाळीने मंडळाची कामे पाहतो. वरून आलेली नेमणूक स्वीकारणे व ती संपताच मुकाट्याने बाजूला होणे ही त्याच्या अंगवळणी पडलेली गोष्ट असते. यात भूगोलाचाही वाटा आहे. यूटातील जमिनीचे जवळजवळ दोन तृतीयांश क्षेत्र केंद्र सरकारच्या मालकीचे आहे, आणि किनाऱ्यापासून दूर असल्याने दुसऱ्या महायुद्धात तेथे विमानतळ, दारूगोळ्याची कोठारे व चाचणीची मैदाने उभी राहिली. ऑग्डनजवळचा हिल विमानतळ आजही हजारो कुटुंबांना पोसतो.

एकाच पंथाची माणसे एका कचेरीत वाढली की कुजबुज सुरू व्हायचीच. 1988 साली स्पॅनिश वंशाच्या अधिकाऱ्यांनी एफ. बी. आय.विरुद्धचा पक्षपाताचा खटला जिंकला, त्यात मॉर्मन वरिष्ठ आपल्याच माणसांना पुढे आणतात ही तक्रारही होती. परंतु याहून अवघड प्रश्न आज्ञापालनाचा आहे. 1942 साली मंडळाने जाहीर केले की युद्ध निंद्य आहे, तरी देशाची हाक आली तर जावे; हत्येचा दोष सैनिकाला नव्हे, राज्यकर्त्यांना लागेल. त्याच वर्षी हॅम्बुर्गमधील हेल्मुट ह्यूबेनर या सतरा वर्षांच्या मॉर्मन मुलाचा नाझींनी शिरच्छेद केला. परदेशी नभोवाणी ऐकून त्याने सरकारविरोधी पत्रके वाटली होती. त्याच्या स्थानिक धर्मप्रमुखाने त्याला पंथाबाहेर काढले. युद्धानंतर त्याला पुन्हा पंथात घेण्यात आले, पण तेव्हा तो नव्हता. आणि 2002 च्या ऑगस्टात कैद्यांच्या छळाची व्याख्या अतिशय संकुचित करणारा जो अभिप्राय अमेरिकेच्या न्यायखात्यातून निघाला, त्यावर सही करणारे जे बायबी हे श्रद्धाळू मॉर्मन गृहस्थ होते.

उलट उदाहरणेही आहेत. एम. एक्स. क्षेपणास्त्रांचे प्रचंड जाळे यूटा व नेवाडात पसरण्याची योजना निघाली, तेव्हा मंडळाच्या सर्वोच्च नेत्यांनी 1981 साली तिला उघड विरोध केला. ॲरिझोना विधानसभेचे सभापती रस्टी बोवर्स यांच्यावर 2020 च्या निवडणुकीनंतर राज्याचे निर्वाचक बदलण्यासाठी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी व त्यांच्या वकिलाने दडपण आणले. बोवर्स त्यांच्याच पक्षाचे होते, परंतु त्यांनी नकार दिला. 2022 च्या जूनमध्ये काँग्रेसच्या समितीपुढे साक्ष देताना त्यांनी कारण सांगितले ते असे की, राज्यघटना ईश्वरप्रेरित आहे ही आपल्या धर्माची शिकवण असून कोणाच्या सांगण्यावरून ती मोडणे आपल्याला शक्य नाही. सुमारे दीड महिन्याने पक्षांतर्गत निवडणुकीत ते मोठ्या फरकाने पडले. त्यांना हरविणारा उमेदवारही मॉर्मनच होता.