सर्वांत लहान मुलांना सर्वांत शिकलेला कोच

27 जून 2016 च्या रात्री फ्रान्समधल्या नीस शहरात आइसलँडने इंग्लंडला 2-1 असं हरवलं आणि युरो स्पर्धेतून घरी पाठवलं. चौथ्याच मिनिटाला वेन रूनीने पेनल्टीवर गोल केला होता; अठरावं मिनिट संपेपर्यंत आइसलँडचे दोन गोल झाले होते, आणि पुढचा तास-सव्वातास इंग्लंडला त्यातून वाट काढता आली नाही. त्या वेळी आइसलँडची लोकसंख्या होती सुमारे 3 लाख 30 हजार. आपल्या एकट्या कोल्हापूर शहराची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेतच साडेपाच लाखांच्या घरात होती. अख्खा देश कोल्हापुरापेक्षा लहान!

संघाचे प्रशिक्षक दोघे होते. एक अनुभवी स्वीडिश गृहस्थ, लार्स लागरबॅक. दुसरे हेइमिर हालग्रिमसन, पेशाने दंतवैद्य. वेस्टमन बेटांवर दवाखाना सांभाळता सांभाळता तिथल्या क्लबच्या महिला आणि पुरुष संघांना शिकवत ते राष्ट्रीय संघापर्यंत पोहोचले. जगभरच्या वार्ताहरांनी त्या उन्हाळ्यात दातांच्या डॉक्टरांची गोष्ट आवडीने सांगितली. मात्र त्या विजयाची तयारी पंधरा वर्षं आधी सुरू झाली होती, आणि तीही सहा-आठ वर्षांच्या पोरांपासून.

आइसलँडचा हिवाळा लांब आणि बोचरा. वर्षातले कित्येक महिने मैदानावर पाय ठेवायची सोय नसते. 2000 पासून तिथे पूर्ण आकाराची बंदिस्त फुटबॉल मैदानं उभी राहू लागली, आणि शाळांच्या शेजारी कृत्रिम गवताची छोटी मैदानं शंभराहून जास्त झाली. बांधकाम डोळ्यांत भरतं, म्हणून त्याची चर्चा फार झाली. त्याहून मोलाचं काम तिथल्या फुटबॉल संघटनेच्या प्रशिक्षण विभागात चाललं होतं. युरोपीय संघटनेच्या ‘बी’ लायसन्सचे वर्ग देशातच, नियमित आणि कुणालाही परवडतील असे भरू लागले. शिक्षक, पालक, अजून खेळणारे खेळाडू असे सगळे त्यात आले. 2016 पर्यंत या चिमुकल्या देशात सुमारे सहाशे प्रशिक्षित कोच होते. त्यांतले बरेचसे गावोगावच्या क्लबांत लहान मुलांना शिकवत होते, आणि क्लब त्यांना त्या कामाचे पैसे देत होते.

फळ यायला दहा वर्षं लागली. आधी महिला संघ 2009 च्या युरोसाठी पात्र ठरला. मग 21 वर्षांखालील मुलांनी जर्मनीला 4-1 हरवून 2011 च्या युरोची वाट मोकळी केली. गिल्फी सिगुर्डसन, आरोन गुनारसन ही नीसमधली माणसं त्याच पिढीतली. 2018 मध्ये आइसलँड विश्वचषकात उतरला. तोवर इतका छोटा देश त्या स्पर्धेत कधी आला नव्हता, आणि पहिल्याच सामन्यात त्याने अर्जेंटिनाला 1-1 असं रोखलं.

यातला कळीचा निर्णय एकच: शिकलेला कोच सगळ्यांत लहान मुलांना द्यायचा. आपल्याकडे नेमकं उलट चालतं. नवखा कोच म्हणजे कालपर्यंत खेळणारा पोरगा. त्याला म्हणायचं, ‘तू छोट्यांना घे.’ चार वर्षांनी तो शिकतो, लायसन्स मिळवतो, आणि बढती म्हणून छोट्यांपासून दूर जातो. चुकीचं गिरवलेलं अक्षर पुढे आयुष्यभर तसंच येतं. चेंडू अडवण्याची, मान वर ठेवण्याची, दोन्ही पाय वापरण्याची सवयही तशीच. आठ ते बारा या वयात शरीर नव्या हालचाली फार चटकन उचलतं. नेमक्या त्याच वर्षांत मुलासमोर सर्वांत कमी शिकलेला माणूस उभा असतो.

शिकलेल्या आणि न शिकलेल्या कोचमध्ये काय फरक असतो, हे कोणत्याही ग्राउंडवर पाच मिनिटांत दिसतं. वीस मुलं रांगेत उभी आहेत. समोर कोन मांडलेले. एक मूल चेंडू घेऊन कोनांमधून नागमोडी जातं, गोलवर मारतं, चेंडू आणून देतं आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभं राहतं. एका मुलाला पंधरा सेकंद धरले तर पुढची पाळी पाच मिनिटांनी. तासाभरात एका मुलाच्या वाट्याला बारा पाळ्या, म्हणजे मोजून तीन मिनिटं खेळ. उरलेल्या सत्तावन्न मिनिटांत ते पुढच्याचा टी-शर्ट ओढतं आणि सरांचा ओरडा खातं. लायसन्सच्या वर्गात पहिल्या दिवसापासून ही रांगच मोडायला शिकवतात. तेच कोन घेऊन चार छोटी मैदानं आखा, दोघांविरुद्ध दोघे किंवा तिघांविरुद्ध तिघे खेळवा, आणि प्रत्येक मैदानावर एक जास्तीचा चेंडू बाहेर ठेवा म्हणजे खेळ थांबत नाही. आता प्रत्येक मूल सतत चेंडूजवळ असतं. मुख्य म्हणजे समोर कोन नसून आपल्याला चकवू पाहणारं दुसरं मूल असतं. कोन जागचा हलत नाही. त्याला चकवून कुणी ड्रिबलिंग शिकत नाही.

मैदान आणि सामान मुलाच्या मापाचं हवं, हीही शिकण्याचीच बाब. मोठ्यांचा गोल 7.32 मीटर रुंद आणि 2.44 मीटर उंच. आठ वर्षांचा गोलकीपर जेमतेम सव्वा मीटर उंचीचा. त्याच्या डोक्यावरून चेंडू टाकला की गोल, हे सगळ्या पोरांना पहिल्याच दिवशी कळतं, आणि मग पासिंग कशाला शिकायचं? चेंडूचंही तसंच. पाच नंबरचा चेंडू 410 ते 450 ग्रॅमचा. लहानांसाठी तीन नंबर, मधल्या वयाला चार नंबर. जर्मनीने तर 2024-25 च्या मोसमापासून सर्वांत लहान गटांसाठी नियमच बदलले: छोटी मैदानं, छोटे गोल, कमी खेळाडू, आणि गुणतक्ता नाही. तिघांविरुद्ध तिघे आणि चार छोटे गोल हा तिथला लाडका खेळ ‘फुनिनो’ नावाने ओळखला जातो. तो रचणारे होर्स्ट वाइन मुळात हॉकीचे प्रशिक्षक.

भारतातली लायसन्सची शिडी अशी आहे. सगळ्यांत खाली अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचं ई-प्रमाणपत्र. शिक्षक, पालक, स्वयंसेवक अशा नवख्यांसाठी. मग महासंघाचंच डी लायसन्स. त्यावर आशियाई महासंघाची सी, बी, ए आणि शेवटी प्रो. गोलकीपरच्या आणि फिटनेसच्या कोचसाठी निराळी लायसन्स असतात, फुटसालचीही. महाराष्ट्रात हे वर्ग वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन म्हणजे ‘विफा’ भरवते, गोव्यात गोवा फुटबॉल असोसिएशन. फी काही हजारांपासून सुरू होते आणि वर चढावं तशी भारी होत जाते.

डी लायसन्सच्या वर्गात सकाळी फळ्यासमोर आणि दुपारी मैदानात काम असतं. उमेदवारांमध्ये क्रीडाशिक्षक असतो, बँकेतून रजा काढून आलेला जुना सेंटर-हाफ असतो, नुकतीच कॉलेज संपवलेली मुलगी असते. प्रत्येकाला एक विषय मिळतो. समजा, ‘चेंडू घेताना शरीराची ठेवण’. सेशन कागदावर लिहून काढायचं: मैदानाची मापं, मुलांची संख्या, बाणांनी दाखवलेल्या हालचाली, कुठे थांबवून काय सांगणार ते मुद्दे. मग बाकीच्या उमेदवारांनाच खेळाडू करून ते प्रत्यक्ष घ्यायचं. कडेला वही घेऊन प्रशिक्षक उभे. इथे भल्याभल्या खेळाडूंची गाडी अडते. स्वतःला उत्तम येणारी गोष्ट दुसऱ्याला दोन वाक्यांत सांगता येत नाही. कुणी पाच मिनिटं भाषण देतो आणि खेळ थंड पडतो. कुणाला चूक दिसते, पण ती कशामुळे झाली ते दिसत नाही. ‘स्टॉप!’ म्हणून खेळ गोठवायचा, ज्याची चूक झाली त्यालाच विचारायचं की आणखी कुठे उभं राहता आलं असतं, त्याने दाखवलं की लगेच खेळ सुरू करायचा. हे अर्ध्या मिनिटात जमणं ही खरी परीक्षा.

कागदाने कुणी मोठा कोच होतो का, असा प्रश्न नेहमी येतो, आणि उदाहरण दिलं जातं सय्यद अब्दुल रहीम यांचं. हैदराबादचे हे शाळामास्तर. त्यांच्या हाताखाली भारताने 1951 आणि 1962 च्या आशियाई खेळांत सुवर्णपदक जिंकलं, 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक मिळवला. त्याच ऑलिंपिकमध्ये मुंबईच्या नेव्हिल डिसोझाने ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक केली. रहीम यांच्या काळी आजची लायसन्स नव्हतीच. पण ते मास्तर होते, आणि शिकवायचं कसं हे त्यांना ठाऊक होतं. ड्रिबलिंगला बंदी असलेल्या स्पर्धा त्यांनी हैदराबादेत भरवल्या, का तर पास देण्यावाचून मुलांना गत्यंतरच राहू नये. आजच्या कोणत्याही वर्गात खेळाचे नियम वाकवून हवी ती सवय लावण्याचं हे तंत्र शिकवतात. रहीम यांचं उदाहरण लायसन्सच्या विरोधात जात नाही. शिकवणं ही स्वतंत्र विद्या आहे, हेच त्यातून दिसतं.

ही विद्या थोडक्या वेळातही किती पालट घडवते, याचा पुरावा अमेरिकेत सापडतो. वॉशिंग्टन विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड स्मिथ आणि फ्रँक स्मॉल यांनी मुलांच्या बेसबॉल कोचांसाठी सुमारे अडीच तासांची कार्यशाळा आखली. प्रयत्नाचं कौतुक करा, चुकीनंतर आधी धीर द्या आणि मग दुरुस्ती सांगा, शिक्षा टाळा, इतकंच त्यात होतं. 1992 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, असं शिक्षण न मिळालेल्या कोचांच्या हाताखालची 26 टक्के मुलं पुढच्या मोसमात परतली नाहीत. शिकलेल्या कोचांकडे हे प्रमाण होतं 5 टक्के. अडीच तासांत एवढा फरक पडत असेल, तर ते अडीच तास प्रत्येक शाळेच्या क्रीडाशिक्षकाला का मिळू नयेत?

शरीराची काळजीही यातच येते. लहान मुलांसाठी आखलेला ‘फिफा 11 प्लस किड्स’ हा वॉर्म-अप सात व्यायामांचा, पंधरा-वीस मिनिटांचा. युरोपातल्या चार देशांत 7 ते 12 वयाच्या सुमारे 3,900 मुलांवर त्याची चाचणी झाली. 2018 मध्ये आलेल्या निष्कर्षानुसार दुखापती 48 टक्क्यांनी घटल्या. हेडिंगबद्दलही जग सावध झालं आहे: अमेरिकेने 2015 मध्येच दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना हेडिंगची मनाई केली, आणि इंग्लंडने 2020 मध्ये प्राथमिक वयोगटाच्या सरावातून ते काढलं. आपल्याकडे मात्र अजून कित्येक ठिकाणी नऊ वर्षांच्या पोरांना रांगेत उभं करून डोक्यावर चेंडू फेकले जातात.

आणि सुरक्षितता म्हणजे केवळ गुडघे-घोटे नव्हेत. 2022 मध्ये 17 वर्षांखालील मुलींचा विश्वचषक भारतात होणार होता. नवी मुंबई आणि गोवा ही त्याच्या तीन केंद्रांपैकी दोन. स्पर्धेच्या काही महिने आधी, युरोप दौऱ्यावर असताना, भारतीय संघाच्या साहाय्यक प्रशिक्षकाला गैरवर्तनावरून काढून टाकावं लागलं. कोचने मुलांशी कसं बोलावं, एकट्या मुलाबरोबर बंद खोलीत थांबू नये, फोनवरून परस्पर संपर्क ठेवू नये, हे धडे डावपेचांइतकेच अभ्यासक्रमात पक्के बसायला हवेत. मुलींच्या संघाबरोबर बाई कोच असणं हा यातला सर्वांत साधा उपाय. भारताच्या महिला संघाची पहिली महिला मुख्य प्रशिक्षक व्हायला 2017 साल उजाडावं लागलं. त्या गोव्याच्या मेमोल रॉकी.

गोव्याने भारताला कोच भरपूर दिले. आर्मांदो कोलासो यांनी धेंपो क्लबला पाच राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून दिली. बिबियानो फर्नांडिस यांनी मोठ्या संघांच्या झगमगाटापेक्षा कुमारांचा संघ घेतला. 2018 मध्ये मलेशियात त्यांच्या 16 वर्षांखालील मुलांनी आशियाई स्पर्धेच्या गटात एकही गोल स्वीकारला नाही. उपांत्यपूर्व फेरीत दक्षिण कोरियाकडून 0-1 हरले, आणि विश्वचषकाची संधी एका विजयाने हुकली. मुंबईत खेळलेले आणि मुंबई एफसीपासून कोच म्हणून वर आलेले खालिद जमील 2017 मध्ये आयझॉलला आय-लीग जिंकून देऊन गेले, आणि ऑगस्ट 2025 मध्ये भारतीय संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले.

महाराष्ट्रातही कच्चा माल कमी नाही. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजातले क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी पावसात तुटक्या बादलीला लाथा मारत खेळणारी मुलं पाहिली आणि 2001 मध्ये झोपडपट्टी फुटबॉल सुरू केलं. कोल्हापुरात पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल या तालमींच्या सामन्यांना शाहू स्टेडियम तुडुंब भरतं. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन 1940 पासूनची. तिथलाच अनिकेत जाधव 2017 च्या 17 वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. त्याच वर्षी 15 सप्टेंबरला राज्य सरकारने दहा लाख मुलांना एका दिवशी फुटबॉल खेळवण्याचा उपक्रम केला. शाळाशाळांत चेंडू पोहोचले, ही चांगलीच गोष्ट. त्या चेंडूंमागे शिकलेली माणसं पोहोचायची राहिली.

तालमीतल्या जुन्या खेळाडूला गुडघ्याने दगा दिल्यावर पेठेतली पोरं शिकवायला लावावं, त्याची डी लायसन्सची फी तालमीने भरावी, आणि सीनियर संघासाठी बाहेरून खेळाडू आणताना जो पैसा सहज उभा राहतो त्यातला थोडा या कामाच्या महिन्याच्या मानधनाला लावावा. आइसलँडच्या क्लबांनी याहून वेगळं काही केलं नाही. मुलाला अकादमीत घालताना पालकही सध्या जर्सीचा रंग आणि टर्फचं भाडं विचारतात. त्यांनी आधी विचारावं: माझ्या मुलाच्या गटाला प्रत्यक्ष कोण शिकवणार, त्याच्याकडे कोणतं लायसन्स आहे, आणि त्याचं नूतनीकरण झालं आहे का? कारण हे लायसन्स जन्मभराचं नसतं. ठरावीक वर्षांनी नव्या अभ्यासाचे तास दाखवावे लागतात. ज्यांना हे काम करायचं आहे त्यांनी महासंघाच्या नोंदणी प्रणालीत नाव घालावं आणि ‘विफा’च्या पुढच्या वर्गाच्या तारखांवर लक्ष ठेवावं. जागा थोड्या असतात, लवकर भरतात.