दुभत्या जनावराच्या पोटातील शिसे व त्याचे दूध

तोरणा व राजगड यांच्या पायथ्याचा वेल्हे परिसर हा भाताचा, नाचणीचा आणि गाईम्हशींचा मुलूख होय. येथील गृहस्थास दूध म्हणजे वासराचे अन्न, मुलांचे पोषण आणि चार पैशांची प्राप्ती. याच दुधावाटे शिशासारखा विषारी धातू मातेकडून पिलाकडे जातो, ही गोष्ट कटू असली तरी शेतकरी बंधूंनी जाणून घेणे अवश्य आहे.

गोठ्यात शिसे येते कोठून? बहुधा जीप, ट्रॅक्टर किंवा सौर दिवा यांच्या टाकून दिलेल्या बॅटरीतून. फुटक्या बॅटरीच्या पट्ट्या जनावरे चवीने चाटतात. जुन्या दारांवरील रंगाचे पोपडे हेही दुसरे कारण. घरगुती रंगात दहा लाख भागांत 90 भागांहून अधिक शिसे नसावे, हा नियम 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला, परंतु त्यापूर्वीचा रंग जागच्या जागी आहे. शिवाय चाऱ्यात स्फुरद कमी पडले म्हणजे जनावरास नको ते चाटण्याची खोड लागते.

गिळलेले तुकडे जाळीपोटात बसतात व हळूहळू विरघळतात. शरीर शिशास चुन्याप्रमाणे वागवते व हाडांत साठवते. गाय गाभण वा दुभती असता हाडांतील चुना बाहेर निघतो. त्याच्या संगतीने शिसेही रक्तात व दुधात उतरते. मोठे जनावर पोटातील शिशाचा अल्प अंशच शोषते. दुधावरील वासरू मात्र कितीतरी पट अधिक शोषते. म्हणून गाय धडधाकट दिसत असताही वासरास अपाय संभवतो. आंधळेपणा, दात खाणे, भिंतीस डोके टेकणे व झटके ही त्याची लक्षणे होत.

पाऱ्याची गोष्टही तशीच. 1971-72 च्या हिवाळ्यात इराकात पारायुक्त औषध लावलेले गव्हाचे बियाणे लोकांनी दळून खाल्ले. बियाण्याचा तांबडा रंग धुतला म्हणजे विष गेले, अशी कित्येकांची समजूत झाली. 6,000 हून अधिक लोक रुग्णालयात गेले, 459 दगावले, आणि आईच्या दुधावाटे तान्ह्या मुलांसही पारा पोहोचला. सबब औषध लावलेले उरलेले बी घरात किंवा गोठ्यात कदापि खाण्यास घेऊ नये.

उपाय खर्चाचे नाहीत. जुनी बॅटरी विक्रेत्यास परत द्यावी. ती फोडू वा जाळू नये. कुरणात बॅटरी जळाली असल्यास तेथे चराई बंद करावी. जनावरांस खनिज मिश्रण द्यावे. संशय येताच पशुवैद्यास बोलवावे, रक्त तपासून घ्यावे आणि तो सांगेपर्यंत त्या गाईचे दूध विकू नये, घरी पिऊ नये व वासरासही पाजू नये. तापविल्याने शिसे जात नाही. खवा केल्यास ते अधिक दाट मात्र होते.

घरातील बाळंतिणीसही हाच न्याय लागू आहे. परंतु भयापोटी अंगावरचे दूध तोडू नये. शंका असल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. आहारात चुना पुरेसा असेल तर हाडांतील साठा कमी निघतो, आणि नाचणीत तो विपुल आहे. आपल्या डोंगरउतारावर पिकणारी नाचणी बाळंतिणीच्या ताटात अवश्य असावी.