फुटबॉलचे तिकीट आणि कंठीरवाची गर्दी

बनशंकरी हे नाव मराठी वाचकांना बदामीच्या देवीमुळे परिचित आहे. दक्षिण बेंगळुरूतील याच नावाच्या वस्तीतही देवीचे मंदिर आहे आणि जून २०१७ पासून मेट्रोच्या हिरव्या मार्गावरील स्थानकही. बेंगळुरू एफसीचा सामना पाहायला निघालेल्या येथील प्रेक्षकाला मॅजेस्टिकला गाडी बदलावी लागते. तेथून जांभळ्या मार्गाने कब्बन पार्क किंवा विधान सौध स्थानकावर उतरले, की श्री कंठीरवा स्टेडियम पायी गाठता येते. फेब्रुवारी २०२५ मध्ये मेट्रोची भाडेवाढ झाली आणि कमाल भाडे ६० रुपयांवरून ९० रुपयांवर गेले. त्यामुळे फुटबॉलचा सामना कितीला पडतो, या प्रश्नाचे उत्तर केवळ तिकिटावर छापलेल्या आकड्यात सापडत नाही. जाण्या-येण्याचे भाडे, मैदानावरचे खाणे आणि कामाच्या दिवशी कार्यालयातून लवकर निघण्याची मुभा, हे सारे त्या किमतीतच धरावे लागते.

भारतात फुटबॉलला प्रेक्षक का नाहीत, असा प्रश्न वारंवार विचारला जातो. तिकिटे स्वस्त केली की मैदाने भरतील, हे त्यावरचे ठरलेले उत्तर. बेंगळुरूचा अनुभव मात्र इतका सोपा नाही.

या शहराला फुटबॉल नवा नाही. मुंबईच्या रोव्हर्स चषकावर ब्रिटिश लष्करी पलटणींची मक्तेदारी होती, तेव्हा ती मोडून १९३७ मध्ये हा चषक जिंकणारा पहिला भारतीय नागरी संघ बेंगळुरूचाच होता. बंगलोर मुस्लिम्स या संघाने पुढच्याच वर्षी तो पुन्हा जिंकला. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये फ्रान्सविरुद्ध भारताचा एकमेव गोल करणारे सारंगपाणी रामनही याच शहराचे. ऑस्टिन टाऊन आणि गौतमपुरा या वस्त्यांनी खेळाडूंच्या पिढ्या घडवल्या. तरीही नव्या शतकाच्या पहिल्या दशकानंतर शहरात मोठ्या सामन्यांना प्रेक्षक उरला नव्हता. कारखान्यांचे आणि सरकारी उपक्रमांचे संघ मागे पडले होते आणि त्यांच्या जागी चाहत्यांनी आपला म्हणावा असा संघ आला नव्हता.

हा संघ २०१३ मध्ये आला. जेएसडब्ल्यू उद्योगसमूहाने बेंगळुरू एफसीची स्थापना केली. अशोकनगरच्या बंगलोर फुटबॉल स्टेडियमवर २२ सप्टेंबर २०१३ रोजी मोहन बागानविरुद्ध त्याचा पहिला आय-लीग सामना झाला आणि तो १-१ असा बरोबरीत सुटला. पहिल्याच हंगामात संघाने आय-लीग जिंकली. त्या छोट्या मैदानाच्या पश्चिमेकडील स्टँडमध्ये उभे राहून गाणी म्हणणाऱ्या चाहत्यांनी ‘वेस्ट ब्लॉक ब्लूज’ हे नाव घेतले. पुढे क्लब कंठीरवावर गेला, तेव्हा हे चाहतेही तेथील पश्चिम स्टँडमध्ये गेले.

गोंगाट कोठून येतो?

मैदानावरील वातावरण ही आपोआप घडणारी गोष्ट नाही. नव्वद मिनिटे आवाज चालू ठेवायचा तर कोणीतरी ढोल आणावा लागतो, गाणे सुरू करावे लागते, आणि ते पाठ असलेली माणसे शेजारी असावी लागतात. म्हणजे तीच माणसे दर सामन्याला त्याच जागी यावी लागतात. एखाद्या मोठ्या सामन्याला आलेले वीस हजार प्रेक्षक गोल झाल्यावर ओरडतात. संघ पिछाडीवर असताना गाणारे मात्र नेहमीच्या हजार-दोन हजारांतलेच असतात.

कंठीरवाची रचना या कामी फारशी मदत करत नाही. हे राज्य सरकारच्या मालकीचे मैदान प्रामुख्याने अॅथलेटिक्सचे आहे. फुटबॉलच्या हिरवळीभोवती आठ पदरी कृत्रिम धावपट्टी आहे. केवळ या पट्टीची रुंदी दहा मीटरच्या आसपास भरते, आणि गोलच्या मागे वळणामुळे अंतर आणखी वाढते. खेळाडूच्या अंगावर येणारा आवाज येथे वाटेतच विरतो. धावपट्टीच्या वापरावरून अॅथलेटिक्सचे खेळाडू आणि प्रशिक्षक यांनी फुटबॉलला आक्षेप घेतला होता, तो वाद कर्नाटक उच्च न्यायालयापर्यंत गेला. त्यांची तक्रार निराधार नव्हती. शहरात सरावाला दुसऱ्या सोयी थोड्याच आहेत.

एवढे असूनही हे मैदान अनेकदा दणाणले आहे. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी एएफसी चषकाच्या उपांत्य फेरीत मलेशियाच्या जोहोर दारुल ताझिम संघाला ३-१ असे हरवून बेंगळुरूने अंतिम फेरी गाठली. त्या स्पर्धेची अंतिम फेरी गाठणारा तो पहिला भारतीय क्लब ठरला. २०२३ च्या सॅफ स्पर्धेत भारत-पाकिस्तान सामना आणि कुवेतविरुद्धचा अंतिम सामना येथेच झाला, आणि अंतिम सामन्याला २५ हजारांच्या आसपास क्षमतेचे हे मैदान भरून गेले. केरळ ब्लास्टर्स संघ येतो, तेव्हा शहरातील मल्याळी रहिवाशांमुळे पिवळे आणि निळे असे दोन्ही रंग गर्दीत दिसतात. इतर दिवशी, विशेषतः आठवड्याच्या मधल्या सामन्यांना, सिमेंटच्या पायऱ्या मोकळ्या राहतात. मोठा प्रतिस्पर्धी, सुटीचा दिवस आणि जिंकणारा संघ असेल तर गर्दी होते, तिकिटाचा दर त्यानंतर येतो.

मुंबईतही हेच दिसले होते. १ जून २०१८ रोजी अंधेरीच्या मैदानावर भारताने चायनीज तैपेईला ५-० असे हरवले. बेंगळुरू एफसीचा आणि भारताचा कर्णधार सुनील छेत्री याने त्यात तीन गोल केले. प्रेक्षक होते अवघे २,५६९. दुसऱ्या दिवशी छेत्रीने एक चित्रफीत प्रसिद्ध केली. आमच्यावर टीका करायला, शिव्या द्यायला या, पण मैदानावर या, असा तिचा आशय होता. ४ जूनच्या केनियाविरुद्धच्या सामन्याची सर्व तिकिटे संपली. मैदान तेच आणि संघही तोच होता, फरक पडला तो या एका विनंतीने. मात्र अशी विनंती दर आठवड्याला करता येत नाही.

तिकिटाच्या पैशाने काय होते?

यातील हिशेब समजून घेण्यासाठी एक उदाहरण पुरेसे आहे. २०२२-२३ च्या इंडियन सुपर लीगमध्ये प्रत्येक संघाला घरच्या मैदानावर दहा साखळी सामने मिळाले. समजा, प्रत्येक सामन्याला दहा हजार प्रेक्षक आले आणि सरासरी तिकीट दोनशे रुपयांचे होते. हंगामाची जमा दोन कोटी रुपये होते. त्यातून मैदानाचे भाडे, सुरक्षारक्षक आणि तिकीटविक्रीचा खर्च वजा करायचा. त्या हंगामात खेळाडूंच्या एकूण मानधनाची कमाल मर्यादाच १६.५ कोटी रुपये होती. अर्थात दर दुप्पट केला आणि एकही प्रेक्षक घटला नाही, तरी क्लब स्वतःच्या पायावर उभा राहत नाही.

म्हणून भारतात तिकिटाचा दर हा उत्पन्नापेक्षा स्टँडमध्ये कोण बसणार, हे ठरवणारा निर्णय आहे. दर वाढवल्याने तिजोरीत जे पडते ते किरकोळ. जो जातो तो मात्र दर सामन्याला येणारा विद्यार्थी असतो, आणि गाणे त्यालाच पाठ असते. फुकट पास वाटणे हाही उपाय नव्हे. पैसे न मोजता मिळालेला पास पाऊस आला की घरीच राहतो.

इंग्लंडमध्ये ही चूक मोठ्या प्रमाणावर झाली. १९८९ च्या हिल्सबरो दुर्घटनेत ९७ जणांचे प्राण गेले. त्यानंतर वरच्या श्रेणीच्या मैदानांवरील उभे राहण्याचे स्टँड काढून खुर्च्या बसवण्यात आल्या. ते आवश्यकच होते, पण पाठोपाठ दर वाढत गेले आणि कामगार वस्तीतला तरुण बाहेर पडला. ६ फेब्रुवारी २०१६ रोजी लिव्हरपूलच्या चाहत्यांनी ७७ पौंडांच्या नियोजित तिकिटाच्या निषेधार्थ ७७ व्या मिनिटाला मैदान सोडले. दोन गोलांनी आघाडीवर असलेल्या लिव्हरपूलला संडरलंडने २-२ असे रोखले. काही दिवसांतच मालकांनी दरवाढ मागे घेतली. त्याच वर्षापासून प्रीमियर लीगने पाहुण्या संघाच्या चाहत्यांसाठी ३० पौंडांची कमाल मर्यादा घातली. जर्मनीत डॉर्टमुंडच्या दक्षिण स्टँडमध्ये सुमारे २५ हजार लोक आजही स्वस्त तिकिटावर उभे राहून सामना पाहतात.

तिकिटाचे आणखी एक काम आहे, ते म्हणजे माणसे मोजण्याचे. कंठीरवापासून जवळच असलेल्या चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर ४ जून २०२५ रोजी क्रिकेट संघाच्या विजयोत्सवात चेंगराचेंगरी होऊन ११ जण मृत्युमुखी पडले. सुमारे ३५ हजार क्षमतेच्या मैदानाभोवती दोन ते तीन लाख लोक जमल्याचे मुख्यमंत्र्यांनी सांगितले. ठरावीक दरवाजाचे आणि क्रमांकाचे तिकीट हाती असलेला माणूस दरवाजावर धडका देत नाही, कारण त्याची जागा निश्चित असते.

वेळापत्रकच नसेल तर

चाहत्यांची सवय सर्वाधिक मोडते ती दराने नव्हे, खंडाने. साथीच्या काळात २०२०-२१ आणि २०२१-२२ हे दोन हंगाम गोव्यात, जवळजवळ संपूर्णपणे प्रेक्षकांविना खेळवले गेले. ऑक्टोबर २०२२ मध्ये कंठीरवाचे दरवाजे पुन्हा उघडले. पश्चिम स्टँडमधल्या गाण्यांना जम बसू लागला होता, तोच जुलै २०२५ मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघ आणि स्पर्धेचे आयोजक यांच्यातील कराराच्या प्रश्नावरून नवा हंगाम स्थगित झाला. ऑगस्टमध्ये बेंगळुरू एफसीने मुख्य संघातील खेळाडू आणि कर्मचाऱ्यांचे वेतन अनिश्चित काळासाठी थांबवल्याचे जाहीर केले. अखेर जानेवारी २०२६ मध्ये, १४ फेब्रुवारीपासून आखूड स्वरूपात स्पर्धा घेण्याची घोषणा केंद्रीय क्रीडामंत्र्यांनी केली. सामने कमी, म्हणजे घरच्या मैदानावरील संध्याकाळीही कमी. हंगामाचे तिकीट काढू पाहणाऱ्या चाहत्याच्या दृष्टीने हा फरक मेट्रोच्या भाड्याहून आणि तिकिटाच्या दराहून मोठा ठरतो.