सांडलेले तेल आणि आपला अंदाज

बोरघाटाच्या पायथ्याशी राहणाऱ्या माणसाला टँकर उलटल्याची बातमी नवी नाही. जुना मुंबई-पुणे रस्ता आणि २००२ साली पूर्ण झालेला द्रुतगती महामार्ग हे दोन्ही खालापूर तालुक्यातून जातात. पेट्रोल, डिझेल, गॅस, रसायने यांचे टँकर दिवसरात्र वर-खाली करतात. घाटात एखादा टँकर कलंडला की पोलिस आणि बंब पोहोचण्याआधी तेथे पोहोचतात ती आसपासच्या वाड्यावस्त्यांतली माणसे. कुणी ड्रायव्हरला बाहेर काढायला धावतो, कुणी बघायला येतो, तर कुणी रिकामा कॅन घेऊन येतो.

या तिघांनाही त्या क्षणी एकच गोष्ट ठरवायची असते. हे पेटेल की नाही? आणि हा निर्णय बहुतेक वेळा डोळ्यांनी, नाकाने आणि शेजारी उभा असलेल्या माणसाकडे बघून घेतला जातो. तो नेमका कुठे चुकतो, ते घरातल्या प्रत्येकाने समजून घ्यायला हवे.

काडी टाकून दाखवणारे काका

आमच्या लहानपणी घरोघरी रॉकेलचा स्टोव्ह होता. वस्तीत एक काका होते. वाटीतल्या रॉकेलमध्ये ते जळती काडी टाकायचे. काडी चर्र करून विझायची आणि आम्ही मुले तोंडात बोट घालायचो. काका म्हणायचे, "बघा, तेल पेटत नाही, वात पेटते!"

काकांचे म्हणणे अर्धे खरे होते. कोणतेही तेल द्रवरूपात पेटत नाही, पेटते ती त्याची वाफ. वाफ हवेत योग्य प्रमाणात मिसळली आणि तिला ठिणगी मिळाली की भडका होतो. पेट घेण्याइतकी वाफ ज्या तापमानाला सुटू लागते, त्याला फ्लॅश पॉइंट म्हणतात. आपल्या देशात रॉकेल आणि डिझेल यांचा फ्लॅश पॉइंट किमान ३५ अंश सेल्सिअस असावा असे मानक आहे. म्हणून थंड वाटीतल्या रॉकेलमध्ये काडी विझते. वातीवर मात्र तेल पातळ पसरते, लगेच तापते आणि पेटते.

पेट्रोलचा फ्लॅश पॉइंट शून्याच्या खाली सुमारे ४० अंश आहे. म्हणजे माथेरानच्या थंडीतच काय, हिमालयातल्या बर्फातही पेट्रोल पेट घेण्याइतकी वाफ सोडत असते. काकांचा प्रयोग पेट्रोलवर करणाऱ्याची काडी वाटीपर्यंत पोहोचणारच नाही. त्याआधीच त्याचा हात आणि तोंड भाजेल. जुन्या अनुभवाचा धोका हाच आहे. तो एका तेलाचा असतो आणि आपण तो दुसऱ्या तेलाला लावतो.

डिझेलच्या बाबतीतही निर्धास्त राहता येत नाही. एप्रिल-मे महिन्यात भर दुपारी डांबरी रस्ता ५० अंशांच्या वर तापतो. त्यावर सांडलेले डिझेल त्याच्या फ्लॅश पॉइंटच्या पुढे गेलेले असते. फुटलेल्या नळीतून उडालेले डिझेलचे तुषार, डिझेलने भिजलेले कापड किंवा गोणपाट, गरम सायलेन्सरवर पडलेले डिझेल, हे सारे पेटू शकते. शिवाय घाटातल्या वळणावर सांडलेले डिझेल आगीआधी दुचाकीच घसरवते.

वाफ कुठे जाते?

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन ते चारपट जड असते. ती धुरासारखी वर जात नाही, पाण्यासारखी जमिनीलगत वाहते. उताराने खाली जाते, गटारात उतरते, खड्ड्यात साचते, उंबऱ्याखालून घरात शिरते. ती डोळ्यांना बहुधा दिसत नाही. हवेच्या शंभर भागांत साधारण दीड भाग वाफ मिसळली की ते मिश्रण पेटू शकते. एक लिटर पेट्रोलची पूर्ण वाफ झाली तर ती दीडशे लिटरहून अधिक जागा व्यापते. बंद खोलीत सांडलेले एक लिटर पेट्रोल खोलीच्या तळाशी केवढा स्फोटक थर तयार करील, याचा यावरून अंदाज करावा.

म्हणून "आपण लांब उभे आहोत" या म्हणण्याला नुसता अर्थ नाही. लांब कोणत्या बाजूला, हे महत्त्वाचे. उताराच्या खालच्या बाजूला किंवा वाऱ्याच्या दिशेत दोनशे पावलांवर उभा असलेला माणूस हा चढाच्या बाजूला शंभर पावलांवर उभ्या असलेल्या माणसापेक्षा जास्त धोक्यात असू शकतो.

१३ जून २०२३ रोजी खंडाळा-लोणावळा भागात द्रुतगती महामार्गावरील कुणे पुलावर मिथेनॉल नेणारा टँकर उलटून पेटला. जळते रसायन पुलावरून खालच्या रस्त्यावर पडले आणि तेथून जाणारे दुचाकीस्वार होरपळले. या अपघातात चार जणांचा बळी गेला. खालच्या रस्त्यावरच्या लोकांचा त्या टँकरशी काहीच संबंध नव्हता. ते बघायला थांबले नव्हते की तेल भरायला आले नव्हते. ते फक्त खालच्या बाजूला होते.

मिथेनॉलबद्दल आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवा. त्याची ज्योत दिवसाच्या उजेडात जवळजवळ दिसत नाही. "आग दिसत नाही, म्हणजे विझली" असे समजून माणूस तिच्यात पाऊल टाकू शकतो. दुसरे म्हणजे त्याचा वास दारूसारखा येतो, पण ते जालीम विष आहे. २०१५ साली मुंबईच्या मालवणीत विषारी दारूने शंभरहून अधिक माणसे मेली, ती मिथेनॉलनेच. रस्त्यावर सांडलेले असले स्पिरिट कुणी बाटलीत भरत असेल तर त्याचा हात धरा.

"इतका वेळ काही झाले नाही ना!"

ही आपली सर्वांत मोठी चूक. पहिला माणूस कॅन भरून सुखरूप परतला की दुसऱ्याला धीर येतो. दुसऱ्याला बघून दहा जण येतात. गर्दी वाढली की प्रत्येकाला वाटते, इतकी माणसे आहेत म्हणजे धोका नसणार. वास्तविक घटका उलटते तशी वाफ पसरत जाते आणि माणसे वाढतात तशा ठिणग्यांच्या जागाही वाढतात.

जून २०१७ मध्ये पाकिस्तानातील बहावलपूर जिल्ह्यात, अहमदपूर शर्किया गावाजवळ पेट्रोलचा टँकर उलटला. आसपासच्या खेड्यांतले गरीब लोक भांडी, कॅन, बाटल्या घेऊन धावले. कुणी नातेवाइकांना बोलावून घेतले. बराच वेळ काही झाले नाही आणि मग एकाएकी सगळा परिसर पेटला. दोनशेहून अधिक माणसे गेली. दुसऱ्या दिवशी ईद होती.

त्या माणसांना लोभी म्हणणे सोपे आहे. ज्याच्या घरी दोन लिटर पेट्रोलचे पैसे म्हणजे दिवसाच्या मजुरीतला मोठा हिस्सा, त्याचा पाय तिकडे वळतो, हे हातावर पोट असलेल्यांना कुणी सांगायला नको. पण हिशेब मांडताना पूर्ण मांडावा. एका कॅनच्या बदल्यात घरातला कमावता माणूस जाणार असेल, तर तो सौदा आपल्याला परवडणारा नाही.

जयपूरजवळ सीतापुरा येथील तेलसाठ्यात २९ ऑक्टोबर २००९ च्या संध्याकाळी पेट्रोल गळू लागले. तासाभराहून अधिक वेळ वाफ आवारात पसरत राहिली आणि मग प्रचंड स्फोट झाला. अकरा जणांचा मृत्यू झाला आणि आग आठवड्याहून अधिक काळ धुमसत होती. हे प्रशिक्षित कामगारांच्या ठिकाणी घडले. त्याच जयपूरच्या भांकरोटा भागात २० डिसेंबर २०२४ रोजी गॅसच्या टँकरला ट्रकची धडक बसली. गळालेला गॅस पांढऱ्या ढगासारखा रस्त्यावर पसरला आणि क्षणात पेटला. तीसहून अधिक वाहने जळाली. कित्येक जण आपापल्या गाडीत बसलेले होते.

ठिणगी कुठून येते?

लोकांना विचारले तर उत्तर ठरलेले असते, "विडी-सिगारेट." अमेरिकेतील एका सरकारी अग्निसंशोधन प्रयोगशाळेत जळत्या सिगारेटी पेट्रोलच्या वाफेत हजारो वेळा धरून पाहिल्या, तेव्हा नुसत्या निखाऱ्याने वाफ पेटली नाही. याचा अर्थ विडी ओढावी असा मुळीच नाही. विडी पेटवायला काडी किंवा लायटर लागतो आणि त्याची उघडी ज्योत वाफ हमखास पेटवते. पण यातून एक शिकण्यासारखे आहे. आपण विडीवाल्यावर ओरडतो आणि स्वतः मात्र गाडीला सेल्फ मारतो!

खऱ्या ठिणग्या अशा असतात: गाडीचा स्टार्टर, बॅटरीची सैल वायर, विजेचे बटण चालू किंवा बंद करणे, आपोआप चालू-बंद होणारा फ्रिज, तापलेला सायलेन्सर, लोखंडावर घासलेले लोखंड, आणि नायलॉनच्या कपड्यांत किंवा प्लास्टिकच्या कॅनमध्ये तेल ओतताना साठणारी स्थिर वीज. चूल, समई, मेणबत्ती, अगरबत्तीची काडी तर आहेतच.

नाकाचा भरवसाही फार धरू नये. वास आला तर धोका समजावा, हे बरोबर. पण वास येईनासा झाला म्हणून धोका टळला असे समजू नये. थोडा वेळ त्याच वासात राहिले की नाक मरते.

घरातला टँकर

टँकर रोज उलटत नाही, पण घरातल्या घरात छोटा टँकर रोज उभा असतो. कर्जत, नेरळ, खोपोलीच्या चाळींत रात्री मोटारसायकल घरात किंवा जिन्याखाली लावतात. तिची पेट्रोलची नळी जुनी होऊन पाझरत असेल तर वाफ जमिनीवरून सरपटत शेगडीपर्यंत जाते. गवत कापायच्या मशीनसाठी पाण्याच्या बाटलीत पेट्रोल ठेवलेले असते, आणि मूल ती बाटली तोंडाला लावते. पावसाळ्यात ओली लाकडे पेटत नाहीत म्हणून चुलीत पेट्रोल ओतणारेही आहेत. धारेवरून ज्वाळा उलटी येऊन हातातली बाटली पेटते.

जयंतीच्या मिरवणुकीत ट्रकवर जनरेटर असतो. तो चालू असतानाच, मेणबत्त्या आणि रोषणाई शेजारी असताना, वरून पेट्रोल ओतले जाते. कार्यकर्त्यांनी एवढे ठरवावे की जनरेटर बंद करून, थंड होऊ देऊन, मगच तेल भरायचे. दहा मिनिटे गाणी थांबली तर काही बिघडत नाही.

गॅरेजात, भंगारात काम करणाऱ्या मुलांसाठी एक इशारा. भरलेल्या ड्रमपेक्षा रिकामा ड्रम जास्त घातक असतो. भरलेल्यात वाफेला आणि हवेला जागा नसते, रिकाम्यात दोन्ही भरपूर असतात. असा ड्रम गॅस कटरने कापायला किंवा वेल्डिंगला घेतला की तो बॉम्बसारखा फुटतो. शेठ म्हणाला, "अरे, रिकामाच आहे," तरी कटर लावू नका.

एवढे करा

रस्त्यावर टँकर उलटलेला दिसला तर चढाच्या आणि वाऱ्याच्या पाठच्या बाजूला सरका. आपली गाडी तेलाच्या जवळ असेल तर ती चालू न करता सोडून पायी निघा. दूर गेल्यावर ११२ किंवा १०१ वर फोन करा. टँकरवर एक धोक्याची पाटी असते, ती मोटार वाहन नियमांनुसार सक्तीची आहे. त्यावरचा चार आकडी क्रमांक लांबूनच वाचता आला तर फोनवर सांगा. १२०३ म्हणजे पेट्रोल, १२०२ म्हणजे डिझेल, १२३० म्हणजे मिथेनॉल आणि १०७५ म्हणजे स्वयंपाकाचा गॅस. वाचण्यासाठी जवळ जाऊ नका. खालच्या वस्तीला निरोप पाठवून चुली विझवायला सांगा, मात्र वास आधीच घरात आला असेल तर कशालाही हात न लावता बाहेर पडा.

घरात पेट्रोल सांडले तर विजेच्या बटणाला हात लावू नका. माणसे बाहेर काढा, दारे-खिडक्या उघडा, तेलावर कोरडी माती किंवा वाळू टाका. मोरीत पाणी ओतून ते वाहवू नका, कारण पेट्रोल पाण्यावर तरंगत शेजाऱ्याच्या मोरीपर्यंत जाते. पेटलेल्या तेलावरही पाणी मारू नका, मातीच टाका.

कपड्यांवर पेट्रोल सांडले तर विस्तवापासून दूर, उघड्यावर जा. कपडे पाण्याने भिजवून मग काढा. कपडे पेटलेच तर पळू नका, जमिनीवर लोळा. भाजलेल्या जागी वीस मिनिटे साधे वाहते पाणी सोडा. टूथपेस्ट, शाई, हळद काही लावू नका आणि १०८ ला फोन करा.

ड्रायव्हरला वाचवायला धावणाऱ्या आपल्या तरुणांचा आम्हाला अभिमान आहे. घाटातल्या अपघातांत अशाच हातांनी अनेकांना जीवदान मिळाले आहे. पण धावण्याआधी क्षणभर थांबून चार गोष्टी बघाव्यात: पाटी, उतार, वारा आणि ठिणगी. आज रात्री जेवताना या चार गोष्टी मुलांना सांगा. पुढच्या वेळी घाटात गर्दी जमेल तेव्हा "काही होत नाही रे" म्हणणारे पुष्कळ असतील. "मागे सरका" म्हणणारा एक जण आपल्या घरातला असावा.